मोटरहोम घेऊन पहिल्यांदा घाटात: जाम घाटाच्या सरावापासून पचमढीच्या मुक्कामापर्यंत

इंदूर माळव्याच्या पठारावर सुमारे ५५० मीटर उंचीवर वसलेले आहे आणि महू ओलांडून निमाडात उतरले की नर्मदेचा काठ जेमतेम दीडशे मीटर उंचीवर लागतो. त्यामुळे महेश्वरला किंवा मंडलेश्वरला जाणाऱ्या प्रत्येक इंदूरकराने घाट पाहिलेला असतो, आणि म्हणूनच मोटरहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, घेतल्यावर किंवा भाड्याने आणल्यावर घाटाची वेगळी तयारी करावी लागते, हे त्याला पटकन पटत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की महूहून मंडलेश्वरकडे उतरणारा जाम घाट कारने पन्नास वेळा उतरलेला माणूसही मोटरहोमच्या बाबतीत नवशिकाच असतो. पहिल्याच सहलीला मनाली किंवा लेहचा बेत आखणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो. आधी जाम घाट रिकाम्या गाडीने, मग तोच घाट भरलेल्या गाडीने, आणि त्यानंतर पचमढी, हा क्रम मला सर्वांत सुरक्षित वाटतो. या लेखात तोच क्रम समोर ठेवून लिहितो आहे.

घाट चढताना गाडी कुरकुरते, म्हणून लोकांना चढाची भीती वाटते. खरा धोका उतारात असतो. चार टन वजनाची गाडी ४०० मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात सुमारे ५० लिटर गार पाणी उकळेल. त्यातला काही भाग हवा आणि इंजिन घेते. उरलेली सगळी उष्णता ब्रेकच्या पॅडवर, डिस्कवर आणि मागच्या ड्रमवर येते. सव्वा टनाच्या कारमध्ये हा भार एक तृतीयांशाहूनही कमी असतो, त्यामुळे पाय ब्रेकवर ठेवून उतरण्याची वाईट सवय कारला चालून जाते. मोटरहोमला ती चालत नाही. इंदूरहून धामणोदकडे जाताना लागणाऱ्या गणपती घाटात ब्रेक निकामी होऊन ट्रकचे जे अपघात होत आले, त्यांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचल्या आहेत. वजन आणि उष्णता यांचे हेच गणित त्यांच्यामागे आहे आणि ते आपल्या गाडीलाही तितकेच लागू पडते.

म्हणून तयारीची सुरुवात वजनापासून करावी. नोंदणीपत्रावर गाडीचे कमाल भारित वजन लिहिलेले असते. पलंग, कपाटे, बॅटऱ्या, पाण्याच्या टाक्या आणि छतावरचा एसी बसवल्यानंतर त्यातले किती किलो शिल्लक राहिले, हे मात्र बहुतेक मालकांनी कधी तपासलेले नसते. देवास नाक्याच्या बाजूला मालवाहतुकीची सगळी वर्दळ असल्याने तिकडे धर्मकाटे, म्हणजे गाड्यांचे वजनकाटे, सहज सापडतात. सहलीला नेणार ते सगळे सामान, गॅस, पाणी आणि घरातली माणसे यांच्यासकट गाडी काट्यावर न्यावी. आधी पूर्ण गाडीचे वजन घ्यावे, मग फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून आणि नंतर फक्त मागची ठेवून पुन्हा वजन घ्यावे. एकूण वजन मर्यादेत असूनही मागच्या आसावर (अॅक्सलवर) जास्त भार आलेला असतो, असे वारंवार आढळते, कारण रूपांतर करणारे कारागीर न्हाणीघर, टाकी आणि सामानाचा कप्पा हे सगळे मागेच बसवतात. मागे भार जास्त झाला की पुढची चाके हलकी पडतात आणि वळणावर स्टिअरिंग जितके फिरवावे तितकी गाडी वळत नाही. याच वेळी हेही पाहून घ्यावे की गाडीतले बदल परिवहन कार्यालयाकडून मंजूर होऊन नोंदणीपत्रावर चढले आहेत आणि विमा कंपनीला ते कळवलेले आहेत. हलक्या मोटारवाहनाच्या परवान्यावर ७५०० किलोपर्यंतच्या भारित वजनाची गाडी चालवता येते, त्यामुळे बहुतेक मोटरहोमना वेगळा परवाना लागत नाही.

पाण्याचे वजन लोक विसरतात. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि अर्धी भरलेली टाकी तर पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षाही त्रासदायक असते, कारण आतले पाणी प्रत्येक वळणावर एका बाजूला धावते आणि गाडीला धक्का देते. पचमढीला पाणी मिळते. म्हणून पिण्यापुरते आणि हात धुण्यापुरते वीस-पंचवीस लिटर ठेवून मुख्य टाकी रिकामीच घेऊन घाट चढावा, हे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

सामानाचा नियम साधा आहे. जड वस्तू खाली, दोन्ही आसांच्या मध्ये. हलक्या वस्तू वर. आमच्या पहिल्या फेरीत आईने हौसेने दिलेला बिडाचा तवा वरच्या कपाटात ठेवला होता. जाम घाटातल्या दुसऱ्याच वळणावर कपाटाची चुंबकाची कडी सुटली, तवा ओट्यावर आदळला आणि काचेच्या शेगडीला कोपऱ्यापासून मधोमध तडा गेला. खाली त्या वेळी कोणी बसलेले नव्हते, एवढेच आमचे नशीब. तेव्हापासून कपाटांना दाबून बसणाऱ्या कड्या आहेत आणि तवा, कुकर व हत्यारांची पेटी जमिनीवर, पट्ट्याने आवळून ठेवलेली असते. गाडी चालू असताना मागच्या पलंगावर कोणीही झोपू नये. प्रत्येकाने आसनावर बसून पट्टा लावावा. ही गोष्ट ज्येष्ठांना सांगताना अवघड वाटते, तरी ती सांगितलीच पाहिजे.

आता ब्रेककडे येऊ. ब्रेकचे तेल हवेतली आर्द्रता शोषून घेते, हे फार थोड्यांना माहीत असते. डॉट ३ दर्जाचे नवे तेल २०५ अंशांच्या वर उकळते. पाणी शोषलेले तेच तेल १४० अंशांच्या आसपास उकळू शकते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ असे आहेत. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ दाबली जात असल्याने पायाखालचे पेडल जमिनीपर्यंत जाते, पण चाकावर जोर पोहोचत नाही. इंदूरच्या सपाट रस्त्यावर हे तेल पाच वर्षे तक्रार करणार नाही आणि घाटात मात्र पाच किलोमीटरमध्ये दगा देईल. दर दोन वर्षांनी ते बदलावेच, आणि पहिल्या घाटाआधी तर तारीख न पाहता बदलावे.

हे मी अनुभवाने सांगतो. आमच्या गाडीचे सर्व्हिसिंग घाटाआधी आठच दिवस झाले होते आणि बिलावर ‘ब्रेक तपासले’ असे लिहिलेले होते. घाटमाथ्यावरचा जाम दरवाजा मागे टाकून आम्ही मंडलेश्वरच्या दिशेने उतरू लागलो. मी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ठेवली होती आणि प्रत्येक वळणाआधी हलकासा ब्रेक लावत होतो. तिसरा-चौथा किलोमीटर असेल, मागे बसलेला माझा मेहुणा म्हणाला, ‘भाऊजी, काहीतरी जळतंय.’ तो वास जळक्या क्लचचा नव्हता. तापलेल्या लोखंडावर रबर ठेवल्यासारखा, नाकात झोंबणारा होता. पुढच्या वळणावर पेडल नेहमीपेक्षा दोन बोटे खाली गेले आणि पायाला स्पंज दाबल्यासारखे वाटले. मी गाडी दुसऱ्या आणि मग पहिल्या गिअरमध्ये उतरवली, डोंगराच्या बाजूला थोडी सपाट जागा मिळताच थांबवली आणि मेहुण्याने चाकांसमोर दगड लावले. पुढच्या चाकाजवळ तळहात नेला तर वीतभर अंतरावरूनही धग लागत होती. चाळीस मिनिटे आम्ही तिथेच बसलो. नंतर दुसऱ्या कार्यशाळेत तेल काढले तेव्हा ते चहासारखे तपकिरी निघाले. तपासणी म्हणजे पातळी पाहणे असा अर्थ पहिल्या ठिकाणी घेतला गेला होता आणि मीही आणखी काही विचारले नव्हते. त्यामुळे तेल बदलले जात असताना स्वतः उभे राहावे आणि बाहेर पडणाऱ्या तेलाचा रंग पाहावा, असे मी आता प्रत्येकाला सांगतो.

तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नये. लोखंडाला तडा जाऊ शकतो. ते आपोआप निवू द्यावे. इंजिन चालू असतानाच ब्रेकला जोर देणारी निर्वात यंत्रणा काम करते, त्यामुळे डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करणे किंवा गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे हा प्राणघातक प्रकार आहे. काही जुने चालक अजूनही तो कौशल्य म्हणून सांगतात. त्यांचे ऐकू नये.

उतरण्याची योग्य रीत अशी आहे. ज्या गिअरमध्ये तो घाट चढता येईल त्याच गिअरमध्ये, किंवा त्याच्याही एक खालच्या गिअरमध्ये, उतार सुरू होण्याआधीच गाडी आणावी. उतारावर वेग वाढल्यानंतर गिअर खाली आणणे कठीण जाते आणि त्या प्रयत्नात गाडी न्यूट्रलमध्ये अडकण्याची भीती असते. मोटरहोमला वळणदार घाटात ताशी २५ ते ३० किलोमीटर हा वेग पुरेसा आहे. इंजिनच गाडीला मागे धरून ठेवते आहे, हे त्याच्या चढलेल्या आवाजावरून कळते, आणि तो आवाज ऐकून नवा चालक घाबरतो. इंजिनच्या फेऱ्यांचा काटा लाल पट्ट्याच्या बराच खाली असेल तर घाबरण्याचे कारण नाही. एवढे करूनही वेग ३५ वर गेला तर ब्रेक नीट दाबून तो २५ वर आणावा आणि पाय पूर्ण उचलावा. पुन्हा वाढला की पुन्हा तसेच करावे. सतत हलका ब्रेक लावून ठेवणे सुरक्षित वाटते, पण त्यात ब्रेकला निवायला क्षणभरही उसंत मिळत नाही. स्वयंचलित गिअरच्या गाडीत गिअरचा दांडा हाताने खालच्या गिअरवर आणावा, कारण ‘डी’वर ठेवलेली गाडी उतारावर स्वतःहून वरचा गिअर घेऊ शकते.

चढाचे प्रकरण त्या मानाने सोपे आहे. तापमानाचा काटा वर जाऊ लागला तर एसी बंद करावा, गिअर एकाने खाली आणावा आणि रुंद जागा पाहून थांबावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. मागे गाड्यांची रांग लागली असेल तर पहिल्या मोकळ्या जागी बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ द्यावे. अरुंद डोंगरी रस्त्यावर समोरासमोर आल्यास चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, असा २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांचा नियम आहे, कारण चढावर थांबलेली जड गाडी पुन्हा सुरू करणे अवघड असते.

तीव्र वळणावर मोटरहोमचे शेपूट त्रास देते. मागच्या आसापासून गाडीच्या टोकापर्यंतचा भाग आपल्याकडे आसांमधील अंतराच्या ६० टक्क्यांपर्यंत असू शकतो, आणि पुढून गाडी डावीकडे वळते तेव्हा हे टोक उजवीकडे बाहेर झुकते. त्याच वेळी मागचे डावे चाक पुढच्या चाकापेक्षा आत कापते. म्हणजे डाव्या वळणावर आत कठडा आणि बाहेर दुचाकीस्वार, या दोघांकडे एकाच वेळी लक्ष द्यावे लागते. वळणाआधी भोंगा वाजवावा, समोरून काही येत नाही याची खात्री झाल्यावरच जागा घेऊन वळावे, आणि शंका असेल तर थांबून समोरच्याला आधी जाऊ द्यावे. हे अंगवळणी पडण्यासाठी रविवारी पहाटे एखाद्या रिकाम्या मैदानात वाळूने भरलेल्या दोन बाटल्या ठेवून मागचे चाक नेमके कुठून जाते हे घरच्या माणसाला पाहायला सांगावे. अर्ध्या तासात जे समजते, ते घाटात दहा फेऱ्यांनंतरही समजत नाही. गाडीची उंची, छतावरचा एसी आणि सौर पट्टी धरून, टेपने मोजावी आणि आकडा चालकासमोर चिकटवावा. झाडाची आडवी फांदी किंवा रस्त्यावर झुकलेला खडक दिसला की अंदाज बांधत बसावे लागत नाही.

टायरचा दाब गाडी थंड असताना आणि पूर्ण भार घालून तपासावा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. ३५२१ असे लिहिले असेल तर तो टायर २०२१ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यातला आहे. मोटरहोम वर्षातले बरेच दिवस उभी असते, त्यामुळे नक्षी नवी दिसते आणि रबर मात्र कडक होऊन चिरलेले असते. पाच-सहा वर्षांपलीकडच्या टायरवर मी घाटात जात नाही.

जाम घाटाची निवड सरावासाठी का, तर तो छोटा आहे, वळणे खरी आहेत आणि वर अहिल्याबाई होळकरांनी १७९१ मध्ये बांधलेल्या दरवाज्यापाशी थांबून खालचा निमाड आणि आपला रस्ता दोन्ही पाहता येतात. सुट्टीच्या दिवशी, विशेषतः पावसाळ्यात, तिथे इतकी गर्दी होते की मोटरहोम वळवायला जागा मिळत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी लवकर जावे.

तिथे दोन-तीन फेऱ्या निर्धास्त झाल्या की पचमढीचा बेत करावा. इंदूरहून भोपाळ, ओबेदुल्लागंज, नर्मदापुरम आणि पिपरिया असा साधारण ४०० किलोमीटरचा रस्ता आहे, आणि मोटरहोमने तो एका दिवसात संपवण्याचा हट्ट धरू नये. दिवसभर गाडी हाकून थकलेला चालक संध्याकाळच्या अंधुक उजेडात घाटाला लागतो आणि तिथेच चुका होतात. भोपाळ किंवा नर्मदापुरमला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी पिपरिया गाठावी, डिझेल भरावे आणि हलके खाऊन पुढे निघावे. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या आसनावर बसावे आणि आल्याची वडी तोंडात धरावी. पिपरियापासून पचमढी ५० किलोमीटरच्या आसपास आहे आणि खरा चढ वाटेतल्या मटकुली गावाच्या पुढे लागतो. पचमढी १०६७ मीटरवर असल्याने विरळ हवेचा त्रास होत नाही, आणि पहिल्या सहलीसाठी ती योग्य असण्याचे हेही एक कारण आहे. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारच्या यात्रेला विदर्भातून आपली मराठी माणसे मोठ्या संख्येने येतात आणि महाशिवरात्रीला चौरागडावर त्रिशूळ घेऊन भाविक जातात. या दोन्ही वेळी दर्शनाला अवश्य जावे, पण मोटरहोम घेऊन जाऊ नये. पचमढीत पोहोचल्यावर गाडी एका जागी उभी करावी. धूपगड शिखराचा रस्ता मोटरहोमसाठी नाही. तिथे आणि इतर अनेक ठिकाणी स्थानिक जिप्सी जीपनेच जावे.

मुक्कामाची जागा दिवसाउजेडी निवडावी. कड्याखाली, वाळलेल्या फांद्यांखाली किंवा ओढ्याच्या पात्राजवळ गाडी लावू नये. गाडी सपाट उभी आहे की नाही हे गवंड्याच्या पाणसळीने पाहावे. ती नसेल तर सपाट थाळीत थोडे पाणी घालून ओट्यावर ठेवले तरी कळते. कमी पडणाऱ्या बाजूच्या चाकाखाली फळ्या सरकवाव्यात आणि चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. उतार राहिलाच तर गाडी गिअरमध्ये ठेवावी, तोंड वर असेल तर पहिल्या आणि खाली असेल तर मागच्या गिअरमध्ये, आणि झोपताना डोके उंच बाजूला करावे.

गॅसबाबत मला फार आग्रहाने सांगायचे आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो फरशीवर साचतो, त्यामुळे गाडीच्या तळाशी उघडी जाळी असलीच पाहिजे आणि गाडी चालू असताना टाकीची झडप बंद हवी. डिसेंबर-जानेवारीत पचमढीची रात्र चांगलीच गार असते. अशा वेळी उबेसाठी शेगडी किंवा कोळशाची अंगीठी आत पेटवून दारे-खिडक्या लावून घेणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला घरात बोलावणे आहे. या वायूला रंग नसतो, वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र पलंगाजवळ लावावे, छताची खिडकी बोटभर उघडी ठेवावी आणि उबेसाठी रजयाच वापराव्यात. खिडकी उघडी राहिल्याने काचांवर दव धरणेही कमी होते.

घरी ओला आणि सुका कचरा वेगळा करणाऱ्या इंदूरकराला जंगलात वेगळे काही शिकवावे लागू नये. सांडपाणी उघड्यावर सोडू नये, शौचालयाची टाकी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून योग्य जागीच रिकामी करावी, आणि अन्नाचे तुकडे माकडांपुढे टाकू नयेत.

परतीच्या सकाळी पुन्हा कपाटांच्या कड्या, गॅसची झडप आणि चाकांचे नट पाहावेत. नव्याने चाक काढून बसवले असेल तर शंभर किलोमीटरच्या आत नट एकदा पुन्हा आवळावे लागतात. गाडी सुरू झाल्यावर पहिल्या सपाट पन्नास मीटरमध्येच ब्रेक दाबून पाहावा, आणि पेडल रोजच्याच उंचीवर लागले तरच पुढे जावे. घाटाच्या तोंडाशी थांबून दुसरा गिअर टाकावा आणि मटकुली येईपर्यंत तो बदलण्याची घाई करू नये. मटकुलीला चहासाठी थांबाल तेव्हा आधी प्रत्येक चाकाजवळ, लोखंडाला न शिवता, तळहात धरून पाहावा. चारही चाके साधारण सारखीच कोमट असतील तर तुम्ही घाट नीट उतरलात. एखादेच चाक जास्त तापलेले असेल तर त्याचा ब्रेक चिकटतो आहे, आणि ते पिपरियाला मेकॅनिकला दाखवल्याशिवाय इंदूरकडे निघू नये.